सात-सात-पाच-सहा

पहिल्याच आठवड्यात डिशवॉशर लावायची माझी परवानगी काढून घेण्यात आली. सूनबाई फार गोड बोलली, "बाबा, तुम्ही आराम करा ना." मुलाकडे अमेरिकेला गेलेल्या सासऱ्याला कोणी 'आराम करा' म्हणालं, की त्याने 'कशाला हात लावू नका' असं ऐकायचं असतं. मी आराम करू लागलो. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक फेरी, मध्ये दोनदा चहा, आणि उरलेल्या वेळात खिडकीतून शेजाऱ्याचं गॅरेज बघणं. व्हिसातले अजून पाच महिने तेवीस दिवस शिल्लक होते.

मे महिन्यातल्या एका सकाळी ते गॅरेज उघडं दिसलं. आत गाडी नव्हती. तिकडे गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं ठेवतात. शिडी, बर्फ ढकलायचं फावडं, प्लास्टिकचं नाताळचं झाड, आणि त्या झाडामागे जुन्या ब्लँकेटखालून डोकावणारी खटक्यांची एक ओळ. नारिंगी, पिवळी, परत नारिंगी. दसऱ्याला दाराला लावतो त्या झेंडूच्या तोरणासारखी. मी फेरी अर्धी टाकून थेट आत शिरलो. न विचारता लोकांच्या आवारात पाऊल टाकायचं नाही, तिकडे बंदुका असतात, असं मुलाने विमानतळावरून घरी येतानाच बजावलं होतं. पण आतमध्ये पीडीपी-८/ई होता. अशा वेळी माणूस बंदुकीचा विचार करत नाही.

गॅरेजचे मालक माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठे. मी त्यांना मनातल्या मनात म्हातारबुवा म्हणतो. ते मला मनातल्या मनात काय म्हणतात ते कळलेलं नाही. शाळेत गणित शिकवायचे. शाळेने ऐंशीच्या दशकात हे यंत्र भंगारात काढलं तेव्हा त्यांनी ते घरी आणलं, 'एकदा सुरू करून बघू' म्हणून झाकून ठेवलं, आणि मग मुलांची शिक्षणं, लग्नं, एक बायपास अशी चाळीस वर्षं मध्ये आली. "तुम्हाला यातलं कळतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "थोडंफार." आयुष्यात इतक्या नम्रपणे मी कधी खोटं बोललो नव्हतो.

कारण मी नोकरीला लागलो तोच मुळी अशा यंत्राची देखभाल करायला. आमच्याकडे होतं ते देशी, टीडीसी. टी म्हणजे ट्रॉम्बे. तुर्भ्याला अणुसंशोधन केंद्रात जन्मलेलं आणि पुढे हैदराबादला ईसीआयएलने विकलेलं. तेही बाराच बिटांचं, तेही असेच खटके आणि दिवे घेऊन बसलेलं. खोलीबाहेर चपला काढायला लागायच्या. यंत्र आलं त्या दिवशी साहेबांनी नारळ फोडला होता, आणि पाणी आत जाईल म्हणून इंजिनिअर लोक करवंटीखाली हात धरून उभे होते. दर दसऱ्याला त्याला हार पडायचा. झेंडूची एक पाकळी पंख्यात गेली की पुढचे दोन दिवस आमचा ओव्हरटाइम.

आता हा पीडीपी. म्हातारबुवांचं गाव मॅसॅच्युसेट्समध्ये, मेनार्डपासून गाडीने पंधरा मिनिटांवर. म्हणजे हे यंत्र माहेरच्या अंगणातच पडलं होतं. मेनार्डला लोकरीची एक जुनी अवाढव्य गिरणी आहे. तिच्यातली थोडी जागा भाड्याने घेऊन केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन यांनी १९५७ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन काढली, म्हणजेच डेक. भांडवल सत्तर हजार डॉलर. ते देणाऱ्यांकडून सल्ला असा, की 'कॉम्प्युटर' हा शब्द तोंडातून काढू नका, त्या धंद्यात लोक बुडतात. म्हणून यंत्राचं नाव ठेवलं 'प्रोग्रॅम्ड डेटा प्रोसेसर', पीडीपी. मुलगा नाटकात काम करतो असं मुलीकडच्यांना न सांगता 'सांस्कृतिक क्षेत्रात आहे' म्हणायचं, त्यातलाच प्रकार. १९६५ साली पीडीपी-८ आला अठरा हजार डॉलरला, आणि खोली व्यापणाऱ्या यंत्रांच्या जमान्यात फ्रिजएवढा म्हणून 'मिनी' ठरला. आमच्या पुढ्यातला ८/ई हा त्याचा १९७० सालचा धाकटा भाऊ, टेबलावर मावणारा, अर्थात टेबल सागवानी असेल तर. मेमरी ४,०९६ शब्दांची. म्हणजे तुम्ही वाचताय तो लेखसुद्धा तिच्यात मावणार नाही.

पहिला अडथळा किल्लीचा. ८/ईला मोटारीसारखी किल्ली असते, ती फिरवल्याशिवाय वीज नाही. म्हातारबुवांनी सगळे खण उपसले. बत्तीस किल्ल्या निघाल्या, त्यातल्या चार तर त्यांनी विकलेल्या घरांच्या. शेवटी त्यांच्या नातवाने फोनवर बघून सांगितलं, की डेकने या सगळ्या यंत्रांना जगभर एकाच नंबरची किल्ली दिली होती, एक्सएक्स २२४७, आणि ती आजही विकत मिळते. आमच्या चाळीत गोदीतल्या काकांची किल्ली सगळ्यांच्या कुलपांना लागायची, ते आठवलं. फक्त चाळीत ते गुपित होतं.

किल्ली आली त्या दिवशी म्हातारबुवा नवा शर्ट घालून आले आणि प्लग घेऊन भिंतीकडे निघाले. मी आडवा झालो. अक्षरशः. चाळीस वर्षं झोपलेलं यंत्र सुरू करायची पहिली पायरी म्हणजे ते सुरू न करणं. पॉवर सप्लायमध्ये जे मोठमोठे कंडेन्सर असतात, दूधपावडरच्या डब्यासारखे, त्यांच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर ऑक्साइडचा एक पातळसा थर असतो. न वापरता पडून राहिलं की तो थर विरत जातो. अशा कंडेन्सरला एकदम पूर्ण दाब दिला तर तो तापतो, फुगतो आणि फटाक्यासारखा फुटतो. तेच हळूहळू चढवत नेलं तर थर परत धरतो. निर्जळी एकादशी सोडताना कोणी पुरणपोळीने सोडत नाही. आधी पेज, मग मऊ भात.

पेज भरवायचं साधन म्हणजे डिमरस्टॅट. म्हातारबुवांना शब्द कळेना. मी हाताने गोल गोल फिरवून दाखवलं. "अच्छा, व्हेरिअ‍ॅक!" ते म्हणाले. तो त्यांच्याकडे होताच, नाताळच्या झाडाखाली. मग सगळी कार्डं बाहेर काढली, पॉवर सप्लाय मोकळा केला, आणि दोन घडीच्या खुर्च्या टाकून आम्ही बसलो. अर्ध्या तासाला दहा व्होल्ट. मध्ये फक्त मीटरकडे बघायचं आणि हाताच्या पालथ्या बाजूने कंडेन्सर तापलाय का ते पाहायचं, तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावतात तसं.

अकराला आमची ही चहा घेऊन आली. "झालं का सुरू?"

"नाही. चाळीस व्होल्ट झाले."

दुपारी परत आली. "आता?"

"सत्तर."

तिने आम्हा दोघांकडे, मग त्या खोक्याकडे पाहिलं. "अहो, आपल्या लग्नाला तुमच्या वडिलांनी होकार द्यायला एवढा वेळ लावला होता," म्हणाली आणि गेली. म्हातारबुवांनी भाषांतर मागितलं. मी सांगितलं, चहात साखर कमी आहे का विचारतेय.

जून सगळा सफाईत गेला. उंदरांनी आत संसार थाटला होता. घरटं कशाचं, तर मॅन्युअलचं. आणि नेमकं 'नियमित देखभाल' हे प्रकरण त्यांनी पिल्लांखाली अंथरलं होतं. मूळ यंत्रात आवाज आणि धूळ अडवायला जो स्पंज बसवला होता तो वितळून काकवी झाला होता, आणि ती काकवी धुळीशी लग्न लावून सगळीकडे चिकटली होती. कार्डांच्या कडेला जी सोन्याचा मुलामा दिलेली टोकं असतात ती काळवंडली होती. मी ती स्पिरिटने पुसत असताना ही डोकावली. म्हणाली, पितांबरी आणलीय बॅगेतून, देऊ का? मी म्हटलं, अगं, हे पितळ नाही, सोनं आहे. "मग रिठे हवेत," असं म्हणून ती खरोखरच रिठे आणायला गेली. आणले नाहीत हे माझं नशीब. पण सोनं म्हटल्यापासून तिचा त्या यंत्राबद्दलचा सूर बदलला, हे मी नमूद करून ठेवतो. तोवर तिच्या लेखी ते भंगार होतं. नंतर ते 'त्यांचं मशीन' झालं.

टेलिटाइप ही वेगळीच व्याधी. एएसआर-३३ म्हणजे टाइपरायटर, प्रिंटर आणि कागदी फीत वाचणारं यंत्र असं एकत्र कुटुंब, सेकंदाला दहा अक्षरं या वेगाने चालणारं आणि चालताना पापड लाटण्याच्या स्पर्धेचा आवाज करणारं. त्यात अक्षरांच्या गोल ठोकळ्यावर मागून हातोडी मारणारी एक रबरी टोपी असते. ती दर एका एएसआर-३३ मध्ये वितळलेली असते. आमची गुळाच्या पाकासारखी ओघळून अक्षरांवर सुकली होती. म्हातारबुवांनी मत्स्यालयाच्या दुकानातून प्लास्टिकची नळी आणली, तिचा नखाएवढा तुकडा कापून बसवला, आणि टेलिटाइपने चाळीस वर्षांनी पहिलं अक्षर उमटवलं. ते 'क्यू' होतं. ते थांबेचना. पूर्ण ओळभर क्यू. आम्ही दोघं नाचायचे तेवढे नाचलो, गुडघे दोघांचेही तसलेच.

पण फीत लावली की यंत्राला काही पोचेना. दोन आठवडे शोधल्यावर गुन्हेगार सापडला, टेलिटाइपच्या कार्डावरची एक ७४७४, चौदा पायांची साधी चिप. म्हातारबुवांनी ऑनलाइन मागवली. दोन दिवसांत पाकीट आलं, आत तिळाएवढी वस्तू. नंबर तोच, पण हल्लीच्या कार्डांवर चिकटवायची. ती आमच्या चष्म्याला दिसेना तर डाख कुठे लावणार? योगायोगाने माझा भाचा कामासाठी बोस्टनला यायचा होता. मी फोन केला, लॅमिंग्टन रोडला जा, चौदा पायांची जुनी ७४७४ माग, दहा घे. त्याने पंचवीस आणल्या. मेतकुटाच्या डब्यात खोचून आणल्या, कारण पाय वाकू नयेत. चिपचे पाय खरंच वाकले नव्हते. म्हातारबुवांनी वास घेतला आणि हा मसाला चिपला कशासाठी लावतात ते विचारलं. मी म्हटलं, गंज लागत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी सगळी कार्डं परत आत बसली. किल्ली फिरवली. पंखा घुरघुरला, आणि पुढच्या पाटीवर दिवे लागले. एलईडी नव्हेत, खरे, तारेचे, पिवळसर, जरा उशिरा पेटणारे आणि विझतानाही रेंगाळणारे. एक लागला नाही. तो बिट मेला की कार्ड मेलं की मेमरीच गेली, यावर आम्ही तीन दिवस वाद घातला. बल्ब गेला होता.

आता जे सांगायचंय त्यासाठी थोडं थांबायला हवं. हल्लीचं यंत्र चालू केलं की त्याला आपण कोण हे आपोआप आठवतं. ८/ईला काहीही आठवत नाही. त्याला फीत वाचता येते, पण कशी वाचायची हे आधी कोणीतरी सांगावं लागतं. ते सांगायचं खटक्यांनी: पत्ता लावा, आकडा लावा, 'डिपॉझिट'चा खटका उचला. असे सोळा आकडे. ही सोळा सूचनांची श्रीगणेशाची पाटी गिरवली की यंत्राला एक छोटी फीत वाचता येते. त्या फितीतून ते दुसरी, मोठी फीत वाचायला शिकतं. आणि मग कुठे खरा प्रोग्रॅम. पाटीचा पहिला पत्ता सात-सात-पाच-सहा. त्या काळच्या देखभालवाल्यांना हे आकडे बायकोच्या वाढदिवसापेक्षा पक्के पाठ असायचे. म्हातारबुवांनी महिनाभर कागदावर लिहून घोकले होते. त्यात दोन आकडे मला फार आवडतात: ६०३१ म्हणजे 'अक्षर आलं का?' आणि ५३५७ म्हणजे 'नसेल आलं तर परत विचार'. बस, एवढंच. सेकंदाला दहा अक्षरं देणाऱ्या टेलिटाइपला हे यंत्र दोन अक्षरांच्या मध्ये तीस-चाळीस हजार वेळा विचारतं, आलं का, आलं का, आलं का. व्हिसाच्या मुलाखतीनंतर पासपोर्टची वाट बघणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पण या यंत्राची मेमरी कोअरची. तांदळाच्या कणीहूनही बारीक अशा हजारो चुंबकी कड्या आणि त्यांतून हाताने ओवलेल्या तारा. तिची एक खोड अशी, की आकडा वाचला की तो पुसला जातो, म्हणून यंत्र वाचल्यावर लगेच परत लिहून ठेवतं. आणि एक गुण असा, की वीज गेली तरी ती विसरत नाही. आज गेली तरी, आणि १९८४ साली गेली तरी.

मला एकदम सुचलं. म्हटलं, गिरवण्याआधी एकदा बघू या. पत्ता लावला ७७५६, फिरता खटका मेमरीवर आणला, 'एक्झाम'चा खटका दाबला.

बारा दिवे. दोन पेटलेले, एक विझलेला. तीनही विझलेले. एक विझलेला, दोन पेटलेले. मग फक्त मधला पेटलेला. सहा, शून्य, तीन, दोन.

म्हातारबुवांच्या हातातला कागद खाली आला. तोच पहिला आकडा. शाळेतल्या कुठल्यातरी पोराने मधल्या सुट्टीत खटके वरखाली करून लिहिलेली पाटी, चाळीस वर्षं, उंदरांची बाळंतपणं, न्यू इंग्लंडचे हिवाळे, सगळं सोसून जागेवर होती. म्हातारबुवांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "पुढचा बघा." माझेही डोळे भरून आले होते, त्याचा परिणाम असा, की 'एक्झाम' दाबण्याऐवजी मी 'डिपॉझिट' उचलला.

जे चाळीस वर्षांनी केलं नाही ते मी अर्ध्या सेकंदात केलं. दुसऱ्या आकड्याच्या जागी, खटक्यांवर लावलेला पत्ताच, ७७५६, लिहिला गेला. म्हातारबुवा अजून चष्मा पुसत होते. मी काहीही न बोलता पुढे गेलो. उरलेले चौदाही बरोबर निघाले. त्यांनी मला मिठी मारली.

मग त्यांनी फीत लावली आणि यंत्र चालू केलं. 'रन'चा दिवा क्षणभर लुकलुकला आणि विझला. परत केलं, परत तेच. कारण मी नजरचुकीने जो आकडा लिहिला होता, त्याचे यंत्राच्या भाषेत जे अर्थ होतात त्यांत एक होता: थांब. म्हातारबुवांनी कार्डं हलवून पाहिली, पाच व्होल्ट मोजले, भाच्याने आणलेल्या चिपवर संशय घेतला. मेतकुटावरही घेतला. मला घाम फुटला होता. अर्ध्या तासाने ते कॉफी आणायला वर गेले. मी पत्ता लावला ७७५७, आकडा लावला ६०३१, या वेळी मुद्दाम 'डिपॉझिट' उचलला, आणि हात मागे बांधून उभा राहिलो. ते खाली आले, यंत्राच्या डोक्यावर तळहाताने एक चापट मारली आणि चालू केलं. फीत सरकू लागली. "कधी कधी असं करावं लागतं," ते मला समजावून म्हणाले. मी मान डोलावली. हे मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही. त्यांना मराठी येत नाही, म्हणून इथे सांगतोय.

मोठी फीत होती 'फोकल'ची. १९६९ची गणिताची भाषा, शाळेतली. दहा मिनिटांच्या वर टेलिटाइप खडखडत होता. आवाज ऐकून ही आली, नातू आला, सूनबाईसुद्धा आली. मुलाने विचारलं, "बाबा, हे इंटरनेटला लागतं का?" कोणी उत्तर दिलं नाही.

फीत संपली. म्हातारबुवांनी पत्ता लावला, यंत्र चालू केलं, आणि टेलिटाइप स्वतःहून बोलू लागला. सगळी कॅपिटल अक्षरं, तिसरीतलं पोर मोठ्याने वाचतं तशी, एकेक. अभिनंदन, दोन उद्गारचिन्हं. तुम्ही फोकल, १९६९, पीडीपी-८ वर यशस्वीपणे चढवलं आहे. म्हातारबुवा त्या कागदाकडे असे बघत होते जसं काही ते त्यांना एकट्यालाच उद्देशून होतं.

मग जरा थांबून त्याने विचारलं, लॉग, एक्स्पोनेन्शियल आणि आर्कटॅन ठेवू का? हो म्हणाल तर ठेवतो, नाही म्हणाल तर ती जागा तुम्हाला वापरायला मोकळी. चार हजार शब्दांच्या घरात प्रत्येक भांडं विचारूनच ठेवायचं. म्हातारबुवांनी 'नाही' टंकलं. त्याने पुन्हा नम्रपणे विचारलं, साइन आणि कोसाइन?

यंत्र काय विचारतंय ते मी हिला सांगितलं. आमचं परतीचं विमान आठ दिवसांवर होतं. वरच्या खोलीत दोन बॅगा उघड्या पडल्या होत्या, प्रत्येकी तेवीस किलो, आणि आदल्याच रात्री मी तिला न विचारता तिचा कुकर बाहेर काढून त्या जागी भाच्याच्या उरलेल्या चोवीस चिपा, एक जुनं कार्ड आणि टेलिटाइपचं मॅन्युअल खुपसलं होतं.

"बघा," ती म्हणाली, "विचारतंय तरी."